कालबाह्य संगणक प्रणाली आणि आधुनिक ब्राउझर : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९५ ते २०२५)

प्रस्तावना

संगणकाचे आयुष्य किती, या प्रश्नाचे उत्तर सर्वसाधारणपणे त्याच्या यंत्रभागांवरून दिले जाते. चकती निकामी झाली, वीजपुरवठ्याचा भाग जळाला की संगणक संपला, असे मानले जाते. गेल्या तीस वर्षांचा अनुभव मात्र निराळा आहे. यंत्र सुरू होते, पडदा उजळतो, जुनी पत्रे उघडतात आणि छापताही येतात. तरी विद्यापीठाचे संकेतस्थळ उघडत नाही, बँकेचे पान कोरे दिसते आणि ब्राउझरची नवी आवृत्ती बसवू पाहिल्यास ती नाकारली जाते. अशा वेळी यंत्र जिवंत असूनही संगणक 'कालबाह्य' ठरतो. हे कालबाह्यत्व नेमके कोण ठरवते आणि केव्हा, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

महाविद्यालयांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळेतील एखादे महागडे उपकरण जुन्याच प्रणालीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरशी बांधलेले असते. संगणक कक्षातील यंत्रे एकदा घेतली की ती अनेक वर्षे वापरावी लागतात. त्यामुळे जुन्या प्रणालीवर नवा ब्राउझर चालवावा की नाही, हा निर्णय कधी ना कधी प्रत्येक संस्थेसमोर येतो. तो घेताना या विषयाचा इतिहास उपयोगी पडतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. ऑपरेटिंग सिस्टीम (यापुढे 'प्रणाली') आणि ब्राउझर यांच्यातील संबंध कसा बदलत गेला, हे पाहणे.
२. नवा ब्राउझर जुन्या प्रणालीवर का चालत नाही, याची कारणे स्पष्ट करणे.
३. जुन्या प्रणालींचे आयुष्य वाढवण्याच्या प्रयत्नांचे यश आणि त्यांच्या मर्यादा तपासणे.

अभ्यासाची पद्धती ऐतिहासिक व वर्णनात्मक आहे. मुख्यतः विंडोज आणि मॅकिंटॉश या दोन परंपरांचा विचार येथे केला आहे.

प्रणाली आणि ब्राउझर : संबंधाची घडण

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बाजारात आली, तेव्हा ब्राउझर ही स्वतंत्रपणे मिळवून बसवायची वस्तू होती. जून १९९८ मध्ये आलेल्या विंडोज ९८ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर प्रणालीतच गुंफलेला होता. या गुंफणीवरून अमेरिकेच्या न्याय खात्याने मे १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध मक्तेदारीचा खटला दाखल केला. त्या खटल्यात स्पर्धेचा मुद्दा प्रमुख होता. परंतु या गुंफणीचा आणखी एक परिणाम पुढे दिसून आला. ब्राउझर प्रणालीचाच भाग असल्याने त्याचे वयही प्रणालीशी बांधले गेले. २००९ मधील इंटरनेट एक्सप्लोरर ८ ही विंडोज एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती ठरली. २०११ मधील नवव्या आवृत्तीसाठी विंडोज व्हिस्टा किंवा त्यानंतरची प्रणाली आवश्यक होती.

याच काळात दुसरी परंपरा उदयास आली. मार्च १९९८ मध्ये नेटस्केपने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली. त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. सुरक्षित संपर्काची यंत्रणा, विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी आणि पान मांडण्याची व्यवस्था फायरफॉक्स स्वतःबरोबर घेऊन येत असे. प्रणालीकडून त्याला मोजक्याच गोष्टी हव्या असत. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या गुगल क्रोमनेही बऱ्याच अंशी हाच मार्ग स्वीकारला. प्रणाली म्हातारी झाली तरी ब्राउझर तरुण राहू शकतो, ही शक्यता या परंपरेमुळे निर्माण झाली. पुढील सर्व इतिहास या शक्यतेचा आणि तिच्या मर्यादांचा आहे.

नवा ब्राउझर जुन्या प्रणालीवर का चालत नाही?

कोणतीही आज्ञावली प्रणालीकडे सतत काही कामे मागत असते : फाइल उघडणे, स्मृतीतील जागा घेणे, पडद्यावर अक्षर काढणे. या प्रत्येक कामाला ठरलेले नाव असते. विंडोजमध्ये ही कामे 'कर्नल३२' यांसारख्या सामायिक संचांत ठेवलेली असतात. नव्या प्रणालीत नवी कामे दाखल होतात. आज्ञावलीने एखादे नवे काम नावाने मागितले आणि जुन्या प्रणालीत ते नाव सापडले नाही, तर आज्ञावली सुरूच होत नाही. हजारो मागण्यांपैकी एकच अपुरी पडली तरी परिणाम हाच होतो.

दुसरे कारण आज्ञावली तयार करणाऱ्या साधनांत आहे. विंडोजच्या प्रत्येक आज्ञावलीच्या आरंभी ती किमान कोणत्या प्रणालीसाठी आहे, याची नोंद असते. एक्सपीचा अंतर्गत क्रमांक ५.१, तर व्हिस्टाचा ६.०. आज्ञावलीत ६.० अशी नोंद असेल, तर एक्सपी पुढची चौकशी न करता तिला नाकारते. मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ हे साधन प्रथम आले तेव्हा त्यातून एक्सपीसाठी आज्ञावली बनवता येत नव्हती. ती सोय त्याच वर्षी पहिल्या सुधारणेबरोबर जोडावी लागली. म्हणजे एखाद्या प्रणालीचा त्याग करण्याचा निर्णय ब्राउझरकर्त्यांपूर्वी साधनकर्तेही घेऊ शकतात.

तिसरे कारण प्रोसेसरचे. २००० च्या अखेरीस आलेल्या पेंटियम ४ मध्ये 'एसएसई२' नावाच्या आज्ञांचा संच होता. पेंटियम ३ मध्ये तो नव्हता. २०१४ मध्ये क्रोमने आणि २०१६ मध्ये विंडोजवरील फायरफॉक्सने हा संच अनिवार्य केला. त्यामुळे एक्सपी अद्याप चालत असलेली यंत्रेही प्रोसेसरच्या कारणाने वगळली गेली.

चौथे कारण सुरक्षिततेचे असून ते अधिक गंभीर आहे. आधुनिक ब्राउझर प्रत्येक पान जणू वेगळ्या बंद खोलीत उघडतो, म्हणजे पानातील घातक संहिता संगणकापर्यंत पोहोचू नये. या खोलीच्या भिंती प्रणालीने पुरवायच्या असतात. व्हिस्टामध्ये आणि त्यानंतर विंडोज ८ मध्ये या भिंती अधिक भक्कम झाल्या. एक्सपीवर त्या उपलब्धच नव्हत्या. जुन्या प्रणालीचा त्याग करताना ब्राउझरकर्ते देत असलेली सर्व कारणे व्यापारी होती, असे म्हणता येणार नाही, ते यामुळेच.

संकेतस्थळ जुन्या ब्राउझरला का नाकारते?

नवा ब्राउझर चालत नसेल तर जुन्यावर भागवावे, असा विचार स्वाभाविक आहे. तो फार काळ टिकत नाही, याचे मुख्य कारण कूटबद्ध संपर्क हे होय. संकेतस्थळ आणि ब्राउझर यांच्यातील संभाषण त्रयस्थाला कळू नये यासाठी ठरावीक नियमावली वापरली जाते. टीएलएस १.० ही नियमावली १९९९ मध्ये, १.२ ही २००८ मध्ये आणि १.३ ही २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही पक्षांना समान नियमावली अवगत असेल तरच संभाषण सुरू होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याहून जुन्या एसएसएल ३.० मधील गंभीर दोष उघड झाला आणि ती नियमावली मोडीत निघाली. २०२० मध्ये प्रमुख ब्राउझरांनी टीएलएस १.० व १.१ या दोन्ही सोडून दिल्या. एक्सपीच्या अंगभूत घटकांत मुळात टीएलएस १.० पर्यंतचीच सोय होती. परिणामी इंटरनेट एक्सप्लोरर ८ साठी महाजालाचा मोठा भाग बंद झाला. त्याच एक्सपीवर फायरफॉक्स मात्र स्वतःच्या यंत्रणेमुळे तीच संकेतस्थळे उघडू शकत होता.

प्रमाणपत्रांचा प्रश्नही असाच आहे. संकेतस्थळ खरे आहे याची ग्वाही देणाऱ्या मूळ प्रमाणपत्रांना मुदत असते. लेट्स एन्क्रिप्ट ही विनामूल्य प्रमाणपत्रे देणारी संस्था आरंभी ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर उभी होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपणार होती. अँड्रॉइड ७.१.१ पूर्वीच्या भ्रमणध्वनींना संस्थेचे नवे मूळ प्रमाणपत्र ठाऊकच नव्हते. नोव्हेंबर २०२० मध्ये संस्थेने दिलेल्या माहितीनुसार अशा अँड्रॉइड उपकरणांचे प्रमाण तेव्हा सुमारे एक तृतीयांश होते. फायरफॉक्स प्रमाणपत्रांची स्वतःची यादी बाळगतो, म्हणून जुन्या उपकरणांवर तो बसवावा, असा सल्ला संस्थेने त्या वेळी दिला. पुढे विशेष व्यवस्था करून हा प्रश्न काही काळ टाळण्यात आला. प्रणालीपासून स्वतंत्र असणाऱ्या ब्राउझरचे महत्त्व दाखवणारे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

अर्थात स्वतंत्र ब्राउझरही वयातीत नसतो. १४ मार्च २०२५ रोजी फायरफॉक्समधील एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि अद्ययावत न केलेल्या जुन्या आवृत्त्यांतील पूरक आज्ञावल्यांवर त्याचा परिणाम झाला.

पाठबळाच्या मुदती

प्रणालीकर्ता आणि ब्राउझरकर्ते यांनी पाठबळ केव्हा थांबवले, हे पुढील तक्त्यात एकत्र दिले आहे.

तक्ता क्र. १ : विंडोज प्रणाली आणि ब्राउझर

| प्रणाली | मायक्रोसॉफ्टचे पाठबळ संपले | फायरफॉक्सची शेवटची आवृत्ती | क्रोमची शेवटची आवृत्ती |
|---|---|---|---|
| विंडोज ९८ | ११ जुलै २००६ | २.० (डिसेंबर २००८ पर्यंत) | उपलब्ध नव्हता |
| विंडोज २००० | १३ जुलै २०१० | १२ (२०१२) | उपलब्ध नव्हता |
| विंडोज एक्सपी | ८ एप्रिल २०१४ | ५२ दीर्घकालीन (२०१८ पर्यंत) | ४९ (२०१६) |
| विंडोज व्हिस्टा | ११ एप्रिल २०१७ | ५२ दीर्घकालीन (२०१८ पर्यंत) | ४९ (२०१६) |
| विंडोज ७ | १४ जानेवारी २०२० | ११५ दीर्घकालीन (२०२३ पासून) | १०९ (२०२३) |

या तक्त्यावरून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, या पाचही प्रणालींच्या बाबतीत फायरफॉक्सने मायक्रोसॉफ्टपेक्षा अधिक काळ साथ दिली. दुसरी, व्हिस्टाच्या बाबतीत क्रम उलटा झाला. मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षा दुरुस्त्या मिळत असतानाच, एक वर्ष आधी, क्रोमने तिला सोडले. एक्सपी आणि व्हिस्टा यांना क्रोमने एकाच दिवशी निरोप दिला, यावरून 'प्रणालीकर्त्याची तारीख' हीच अंतिम तारीख नव्हे, हे स्पष्ट होते. तिसरी, या तारखा लवचीक असतात. एक्सपीवरील क्रोमची मुदत प्रथम एप्रिल २०१५ अशी जाहीर झाली. ती आधी २०१५ च्या अखेरपर्यंत आणि मग एप्रिल २०१६ पर्यंत वाढली. विंडोज ७ वरील क्रोमची जुलै २०२१ ही मुदत दोन वेळा वाढून जानेवारी २०२३ झाली. त्याच प्रणालीवरील फायरफॉक्स ११५ ची सप्टेंबर २०२४ ही मुदतही नंतर वारंवार वाढवली गेली. जुनी यंत्रे वापरणाऱ्यांची संख्या मोठी असेल, तर तांत्रिक अडचणींवर मार्ग काढला जातो. ती घटली की त्याच अडचणी निर्णायक ठरतात.

स्वयंसेवकांचे प्रयत्न

अधिकृत पाठबळ संपल्यावरही काही प्रणाली चालू राहिल्या, त्यामागे स्वयंसेवकांचे श्रम आहेत. त्यांचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला मार्ग प्रणालीलाच नवी कामे शिकवण्याचा. विंडोज ९८ आणि मिलेनियम यांच्यासाठी तयार झालेला 'कर्नलएक्स' हा संच या प्रकारचा होता. नंतरच्या प्रणालींसाठी लिहिलेल्या आज्ञावलीने मागितलेले अनोळखी काम हा संच मध्येच पुरवीत असे. त्यामुळे एरवी नाकारल्या जाणाऱ्या काही आज्ञावल्या या प्रणालींवर चालू शकल्या.

दुसरा मार्ग ब्राउझरलाच जुनी भाषा शिकवण्याचा. याचे सर्वांत दीर्घ उदाहरण मॅकिंटॉशच्या परंपरेत आढळते. ॲपलने २००६ पासून पॉवरपीसी प्रोसेसर सोडून इंटेलचे प्रोसेसर वापरण्यास सुरुवात केली आणि २००९ मधील मॅक ओएस १०.६ पासून पॉवरपीसीला वगळले. मार्च २०११ मधील फायरफॉक्स ४ नेही या यंत्रांचा त्याग केला. तेव्हा कॅमरन कायझर यांनी 'टेनफोरफॉक्स' हा ब्राउझर सुरू केला. त्याच्या नावातील 'टेनफोर' म्हणजे मॅक ओएस १०.४ ही प्रणाली. त्याहून जुन्या मॅक ओएस ९ साठीचा 'क्लासिला' हा ब्राउझरही त्यांनीच चालवला. टेनफोरफॉक्सला प्रत्येक नवी आवृत्ती जुन्या यंत्रावर आणण्यासाठी संहितेत बदल करावे लागत. पुढे फायरफॉक्समध्ये रस्ट ही नवी संगणकीय भाषा अनिवार्य झाली. त्या जुन्या यंत्रांसाठी ही भाषा उपलब्ध नव्हती. परिणामी टेनफोरफॉक्स फायरफॉक्स ४५ या पायावरच थांबला. सुरक्षा दुरुस्त्या आणि आवश्यक सुधारणा त्यावर एकेक करून बसवाव्या लागल्या. २०२१ मध्ये नियमित काम थांबले. निर्मात्यांनी सोडून दिल्यानंतर ही यंत्रे सुमारे दहा वर्षे महाजालाशी जोडलेली राहिली, ही कामगिरी लहान नाही.

विंडोज एक्सपीच्या बाबतीत फायरफॉक्सच्या संहितेवर आधारलेला 'मायपाल' आणि क्रोमच्या खुल्या संहितेवर आधारलेला 'सुपरमियम' हे ब्राउझर उल्लेखनीय होत. संहिता खुली नसती तर यांपैकी एकही प्रयत्न शक्य झाला नसता. इंटरनेट एक्सप्लोररच्या कोणत्याही आवृत्तीला असे पुनर्जीवन मिळाले नाही, यामागील प्रमुख कारणही हेच आहे.

देवनागरी लिपीचा अनुभव

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने जुन्या प्रणालीचा प्रश्न केवळ पान उघडण्याचा नव्हता. उघडलेले पान वाचता येण्याचाही होता. देवनागरीत जोडाक्षरे घडवणे, ऱ्हस्व वेलांटी उच्चारक्रम सोडून व्यंजनाच्या आधी मांडणे, रफार योग्य जागी नेणे ही कामे स्वतंत्र घटकाला करावी लागतात. विंडोजमध्ये 'युनिस्क्राइब' हा तो घटक. देवनागरीचे अंगभूत पाठबळ आणि 'मंगल' हा टंक प्रथम विंडोज २००० मध्ये आला. एक्सपीमध्येही ही सोय आपोआप सुरू होत नसे. प्रादेशिक भाषांच्या मांडणीत जाऊन ती मुद्दाम बसवावी लागे आणि त्यासाठी बहुधा मूळ सीडीची गरज पडे. मराठी विकिपीडिया मे २००३ मध्ये सुरू झाला, तेव्हा अनेकांच्या पडद्यावर त्याची पाने चौकोनांच्या किंवा विस्कटलेल्या अक्षरांच्या रूपात दिसत, त्याचे कारण हेच.

पुढे अक्षरजुळणीचे काम करणारा 'हार्फबझ' हा खुला घटक फायरफॉक्स आणि क्रोम स्वतःबरोबर आणू लागले. संकेतस्थळाला आपला टंक पानाबरोबर पाठवण्याची सोयही रूढ झाली. त्यामुळे प्रणालीला देवनागरी येत नसली तरी ब्राउझरला ती येऊ लागली. मर्यादा अर्थात राहिल्याच. रुपयाचे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये दाखल झाले. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ आणि व्हिस्टा यांना त्यासाठीची सुधारणा दिली; एक्सपीला दिली नाही. ज्या देशात एक्सपी मोठ्या प्रमाणावर वापरात होती, त्याच देशाचे चलनचिन्ह तिच्या अंगभूत टंकांत नव्हते.

सुरक्षिततेचा प्रश्न

येथवरच्या विवेचनावरून नवा ब्राउझर मिळाला की जुनी प्रणाली निर्धोक झाली, असा समज होण्याची शक्यता आहे. तो चुकीचा आहे. ब्राउझर हे घराचे एक दार आहे. इतर दारे प्रणालीच्या ताब्यात असतात. मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने ब्राउझरचा उपयोगच केला नाही. तो विंडोजच्या फाइल-सामायिकीकरणाच्या सेवेतील दोषातून पसरला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांनाही त्याचा फटका बसला. पाठबळ संपून तीन वर्षे झाली असूनही मायक्रोसॉफ्टला त्या वेळी एक्सपीसाठी तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. मे २०१९ मध्ये दूरस्थ वापराच्या सेवेतील दोषासाठी तिने पुन्हा एकदा तसेच केले. अशा अपवादांवर मात्र कोणत्याही संस्थेला विसंबून राहता येणार नाही.

भारतात भारतीय रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ रोजी बँकांना दिलेला आदेश या संदर्भात महत्त्वाचा आहे. एक्सपी आणि पाठबळ संपलेल्या अन्य प्रणालींवर चालणारी एटीएम यंत्रे टप्प्याटप्प्याने जून २०१९ पर्यंत पाठबळ असलेल्या प्रणालीवर आणण्यास बँकांना सांगण्यात आले. ही यंत्रे बंद पडलेली नव्हती. ती चालत होती. परंतु चालणे पुरेसे नव्हते.

विंडोज १० आणि वर्तमान प्रश्न

विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी ठरवण्यात आली. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर या अटी आहेत. त्यामुळे उत्तम स्थितीतील असंख्य यंत्रे अधिकृतरीत्या पुढे जाऊ शकत नाहीत. फायरफॉक्सने विंडोज १० ला साथ देत राहण्याचे जाहीर केले. म्हणजे पूर्वीचाच क्रम पुन्हा सुरू झाला आहे : प्रणाली थांबली, ब्राउझर पुढे चालला.

या टप्प्यावर संस्थांपुढे आणखी एक पर्याय असतो. तो म्हणजे त्याच यंत्रावर लिनक्सवर आधारलेली चालू प्रणाली बसवणे. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय भाषांचा विचार करणारी प्रणाली याच परंपरेतील आहे. जुन्या प्रणालीवर नवा ब्राउझर बसवण्याऐवजी जुन्या यंत्रावर नवी प्रणाली बसवणे, हा या इतिहासातील अनेकदा दुर्लक्षित राहिलेला मार्ग होय.

निष्कर्ष

१. संगणक 'चालणे', महाजालापर्यंत 'पोहोचणे' आणि 'सुरक्षित असणे' या तीन भिन्न गोष्टी आहेत. त्या एकाच दिवशी संपत नाहीत. एक्सपीचे पाठबळ २०१४ मध्ये संपले, तिच्यावरील फायरफॉक्स २०१८ मध्ये थांबला आणि ती यंत्रे त्यानंतरही चालत राहिली.

२. कालबाह्यत्व अंशतः तांत्रिक आणि अंशतः आर्थिक असते. प्रोसेसरच्या आज्ञा, कूटबद्धतेच्या नियमावली आणि सुरक्षेच्या भिंती ही खरी कारणे आहेत. परंतु त्यांवर किती काळ मार्ग काढायचा, हे वापरकर्त्यांच्या संख्येवरून ठरते. पुनःपुन्हा वाढलेल्या मुदती हेच दर्शवतात.

३. प्रणालीपासून स्वतंत्र आणि खुल्या संहितेचा ब्राउझर हा जुन्या यंत्रांचे आयुष्य वाढवणारा सर्वांत परिणामकारक घटक ठरला. देवनागरीच्या वाचनीयतेलाही त्याचाच आधार मिळाला.

४. स्वयंसेवकांचे ब्राउझर 'पोहोचणे' वाढवतात, 'सुरक्षित असणे' नव्हे. म्हणून पाठबळ संपलेल्या प्रणालीवर परीक्षेचे गुण, वेतन किंवा विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती हाताळू नये. उपकरणाशी बांधलेला जुना संगणक जाळ्यापासून अलग ठेवून वापरावा आणि इतर जुन्या यंत्रांवर चालू पाठबळ असलेली मुक्त प्रणाली बसवण्याचा विचार करावा.

यंत्र मोडीत काढण्यापूर्वी त्याचे नेमके काय संपले आहे, हे विचारणे आवश्यक आहे. यंत्राचा भाग संपला असेल तर तो बदलता येतो, प्रणालीचे पाठबळ संपले असेल तर प्रणाली बदलता येते. केवळ कोणा कंपनीने जाहीर केलेली तारीख उलटली, एवढ्यावरून यंत्र संपले असे समजणे इतिहासाला धरून नाही. आणि यंत्र चालते म्हणून ते निर्धोक आहे असे समजणेही तितकेच चुकीचे आहे.